पत्र्याखालची तिसरी

दाखला मागायला मी शाळेत गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. भाकरी थापता थापता तशीच उठले होते आणि रस्ताभर एकाच वाक्याची उजळणी करत आले होते, "माझ्या लेकीचं नाव आत्ताच्या आत्ता काढा." राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे. त्या दिवशी तो पायांत उतरला होता. दोन गल्ल्यांचं अंतर मी कशी चालले ते मला अजून आठवत नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, "आधी यांना हात धुवायला पाणी द्या." हात धुताना माणसाचा निम्मा राग जातो, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं असावं. मग त्या म्हणाल्या, "आत येऊन बसा."

"मी इथंच बरी," मी म्हणाले आणि ऑफिसच्या दारातच उभी राहिले. भांडायचं तर उभ्यानेच, अशी माझी समजूत.

भांडणाचं कारण सांगते. भूकंप होऊन दोन महिने झाले होते. दिवाळीनंतर शाळा पुन्हा भरली, पहिले काही दिवस वर्ग मैदानात बसले, मग पाहणी झाली, इमारत धड आहे असं ठरलं आणि पोरं आत गेली. माझी तिसरीतली लेकही गेली. चौथ्या दिवशी शाळेशेजारच्या रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रक गेला, खिडक्यांची तावदानं वाजली आणि अख्खा वर्ग मैदानात धावला. माझी लेक मैदानावर थांबली नाही. फाटकातून बाहेर पडली, दोन गल्ल्या पळाली आणि एकच चप्पल घालून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडायला लागली, "आई, बाहेर ये." दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून म्हटलं, इतकी भित्री पोर आजवर पाहिली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ती वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहिली आणि त्यानंतर घरातून निघालीच नाही. ते "भित्री" माझ्या कानावर आलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

"दाखला घेऊन जाणार कुठं?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं. "भूकंप काय ह्या एकाच शाळेत झाला का?"

"मी घरी शिकवीन."

हे वाक्य मी ठरवून आणलेलं नव्हतं. मी बारावी झालेली, तेही कशीबशी. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर नवऱ्याला भाजी पारखून आणायला शिकवलं होतं, तेवढाच. पण एकदा तोंडातून गेलं की मागे घ्यायचं नाही, ही माझी जुनी खोड.

बाईंनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "शिकवा. नाव मी काढत नाही. पण एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा वर्गात बसून द्यायची. मैदानात नाही, व्हरांड्यात नाही. वर्गात बसली नाही तर पुन्हा तिसरी."

मी "हाव" म्हणाले आणि घरी आले. भाकरी तव्यावर कोळसा झाली होती.

वर्ष वाया जाण्याची भीती मला होतीच, पण खरं सांगायचं तर ती वरवरची होती. आतली भीती वेगळी होती. लग्न होऊन कुठे जाईल, नोकरी करील, दवाखान्यात जाईल, आणि प्रत्येक ठिकाणी ही पोर पायरीवरच बसून राहील की काय, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आठ वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य मी पायरीवर काढून टाकलं होतं.

भूकंपाच्या पहाटे आम्ही दोघीच घरात होतो. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर, लातूरहून नांदेडमार्गे उमरीला जाणारी मुक्कामी गाडी त्याच्याकडे होती. एक रात्र उमरीला, एक रात्र घरी. भूकंप नेमका उमरीच्या रात्री झाला. मी पोरीला उचलून अंगणात आणलं, आणि मग, आज सांगतानाही माझं मलाच हसू येतं, मी पुन्हा आत गेले. कुकर आणायला. नवा होता, दसऱ्याची वाट न बघता घेतलेला. कुकर काखेत मारून मी उंबरा ओलांडला आणि मागे भांड्यांची अख्खी मांडणी भिंतीतून उखडून खाली आली. ही गोष्ट मी नंतर सहा महिने येईल त्याला सांगत होते. कुकर वाचवणारी बाई म्हणून माझं नाव झालं होतं. लोक पोट धरून हसत. त्या दिवसांत हसायला काहीतरी लागतच होतं. औसा-निलंग्याकडच्या पडलेल्या गावांतून नवरा मदतीची गाडी घेऊन परत यायचा तेव्हा हातपाय धुऊन नुसता बसून राहायचा आणि आम्ही त्याला काही विचारायचो नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर स्लॅब. एका भिंतीला भेग सोडली तर घराला काही झालं नव्हतं. तरी नवऱ्याने अंगणात बांबू रोवून वर पत्रे टाकले होते, तसे सगळ्या लातूरनेच टाकले होते. दिवाळीनंतर एकेक कुटुंब पुन्हा घरात गेलं. आम्ही दोघी राहिलो पत्र्याखाली. चूल, अंथरूण, पाण्याचा माठ, सगळं बाहेर. घरात जायचं ते फक्त डाळीचा डबा किंवा कपडे आणायला. पोरीसाठी हे चाललंय, असं मी सगळ्यांना सांगत असे.

त्याच पत्र्याखाली तिसरीचा वर्ग सुरू झाला.

फळा करायला शेजारच्या चाचींनी त्यांच्या दुकानाच्या मोडक्या दाराची फळी दिली. चाची म्हणजे आमच्या शेजारणी, ब्लाउज-परकर शिवायच्या. त्यांच्या खोलीची भिंत फुगली होती, म्हणून त्यांचं शिलाई मशीनही आमच्याच पत्र्याखाली आलं होतं. जुन्या सेलमधली काळी भुकटी पाण्यात कालवून आम्ही ती फळी काळी केली. पहिल्या दिवशी मी पदर खोचून, हातात खडू घेऊन उभी राहिले आणि काय शिकवायचं हेच सुचेना. पोरगी मांडी घालून, हाताची घडी करून माझ्याकडे बघत बसली.

शेवटी ती म्हणाली, "आधी हजेरी घ्यायची असती."

मी हजेरी घेतली. एकच नाव होतं. ती "उपस्थित" म्हणाली आणि शाळा सुरू झाली.

मी वाईट मास्तरीण होते. सातचा पाढा तिसऱ्यांदा चुकला की माझा आवाज चढायचा, आणि मशीनवरून मान वर न करता चाची म्हणायच्या, "बाई, पाढा चुकला म्हणून धरणी फाटून राहिली का?" मग मी खडू खाली ठेवायची आणि पाढा त्या घ्यायच्या. पाव, अर्धा, पाऊण हे मी फळ्यावर वर्तुळं काढून चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी चाचींनी पोरीच्या हातात टेप दिली आणि सांगितलं, "ह्या बाईच्या ब्लाउजला पाऊण मीटर लागतं, माज्याकडं अर्धाच हाय. किती आणू?" पोरीने क्षणात उत्तर दिलं. मला आनंदही झाला आणि चाचींचा थोडा हेवाही वाटला.

भूगोल नवऱ्याकडे होता. तिसरीच्या पुस्तकात आपल्या जिल्ह्याचा भूगोल होता, पण नवऱ्याला जिल्ह्याची हद्द कळत नसे, त्याला गाडीचा रस्ता कळे. तो खाटेवर बसून घोकून घ्यायचा, "चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, मुदखेड, उमरी." पोरगी हुज्जत घालायची की लोह्यापासून पुढचं माझ्या पुस्तकात न्हाई. तो म्हणायचा, "पुस्तकात न्हाई म्हणून गाडी लोह्यालाच सोडून येऊ का?"

एकदा जानेवारीत त्याला दिवसाची नांदेड फेरी मिळाली तेव्हा त्याने आम्हा दोघींना गाडीतून नेलं, गोदावरी दाखवायला. मला धाकधूक होती की पोरगी एसटीच्या टपाखाली बसेल की नाही. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ऐटीत बसली. नवऱ्याची छाती फुगली. "माज्या गाडीवर इस्वास हाय तिचा," म्हणाला. मी म्हणाले की गाडी आधीच हलत असते म्हणून तिला हलण्याची भीती वाटत नसेल. आम्ही दोघांनी ह्यावर अहमदपूरपर्यंत वाद घातला. नदी बघून झाल्यावर स्टँडच्या कँटीनमध्ये बापलेक आत जाऊन बसले आणि पोरीने दोन प्लेट भजी खाल्ली. मी बाहेर उभी राहून चहा प्याले. आत फार धूर आहे, असं मी सांगितलं. परतताना नवरा म्हणाला, "बसली की गं स्लॅबखाली. काही बोलली न्हाई."

"तीन बाजू उघड्या होत्या तिथं," मी म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपवला.

आता सायकलींचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांनी केला.

आमच्या समोर एका दालमिलची लांबच लांब भिंत होती. मिलवर कामाला येणारे लोक पूर्वी त्या भिंतीला सायकली लावायचे. भूकंपात भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि तिच्याजवळ उभं राहायला कुणी धजेना. सायकली रस्ता ओलांडून आमच्या कुंपणाला आल्या. सकाळी तीस-पस्तीस, दुपारच्या पाळीला तेवढ्याच. मी दोन-तीनदा भांडून पाहिलं. ते लोक नम्रपणे हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच लावायचे.

त्या वर्षांत लातुरात शिकवण्यांचं नुकतंच पेव फुटायला लागलं होतं. अकरावी-बारावीची पोरं कॉलेजात कमी आणि शिकवणीत जास्त दिसायची. बाहेरगावचे पालक यायचे, त्यांना कुठली शिकवणी चांगली हे कोण सांगणार? ते गल्लीगल्लीत फिरून दारासमोरच्या सायकली बघायचे. ज्या दारात सायकली जास्त तिथे पोरगं घालायचं, असा सरळ हिशेब. आणि आमच्या दारात सायकली तीस-पस्तीस, वर पत्र्याची शेड, शेडीत काळा फळा, फळ्यासमोर खडू घेऊन तावातावाने बोलणारी बाई.

पहिली चौकशी मागच्या गल्लीतल्या एका आईने केली. "बॅच किती वाजता असती?" मी म्हणाले, बॅच नाही, माझी लेक आहे. ती समजल्यासारखं हसली आणि हळूच म्हणाली, "म्हंजे जागा भरल्या का?" पुढे येणाऱ्याला मी नाही म्हटलं की तो "जागा कधी निघतील" विचारायचा. मला जितका राग यायचा तितकं आमचं नाव वाढत गेलं. पाटी नाही, जाहिरात नाही, बाई दारातून परत पाठवतात, म्हणजे शिकवणी नक्की भारी असणार. शाळा बंद करून स्वतःची पोरगी सुद्धा इथेच बसवलीय, असंही कुणीतरी पुरावा म्हणून सांगत असल्याचं चाचींनी ऐकलं. चाची मशीन थांबवून पाच मिनिटं हसत होत्या.

मार्चमध्ये एका सकाळी रिक्षातून एक शेतकरी उतरला. शिरूर अनंतपाळकडच्या गावचा, पांढरं धोतर, खांद्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची मोळी आणि सोबत दोन वेण्या घातलेली लेक. पोरगी दहावीची परीक्षा देत होती. दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवशी तो पुढच्या वर्षाची जागा धरायला आला होता. मी काही बोलायच्या आत त्याने मोळी चाचींच्या मशीनशेजारी ठेवली आणि फळ्याकडे निरखून पाहिलं. फळ्यावर बाराचा पाढा होता.

"पाढ्यापासून सुरू करताव व्हय?" तो म्हणाला. "म्हंजे पाया लई पक्का करून घेताव. हे कुटंच बगितलं न्हाई."

मी त्याला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ह्या सायकली मिलच्या, ही माझी लेक, ही तिसरीत, आणि मी बारावीत इंग्रजीत पस्तीस पडून पास झालेली. तो ऐकत राहिला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मी पाणी आणायला घरात धावले. घरात मी धावतच जायची. माठ बाहेर होता, पण पाहुण्याला द्यायचे स्टीलचे पेले आत होते.

पेले घेऊन बाहेर आले तेव्हा माझी लेक उंबऱ्याबाहेर उभी राहून आकडे म्हणत होती. "एकोणीस, वीस, एकवीस." मला बघून थांबली आणि परत फळ्यासमोर जाऊन बसली.

"पोरगी काय मोजून राहिली?" शेतकऱ्याने विचारलं.

"सराव करती," मी कौतुकाने म्हणाले. "येता जाता आकडे म्हणायची सवय लावलीय मी."

शेतकऱ्याची लेक माझ्या लेकीशेजारी जाऊन बसली. आम्ही मोठी माणसं हरभरा सोलत त्याच्या गावाकडच्या पडझडीचं बोलत होतो, आणि त्या दोघी खाली माना घालून काहीतरी कुजबुजत होत्या. तासाभराने बापलेक निघाले. मी त्याला दोन खऱ्या शिकवण्यांचे पत्ते सांगितले. बाप रिक्षा थांबवायला पुढे गेला तेव्हा ती पोरगी मागे वळून माझ्याजवळ आली.

"काकू, राग येणार न्हाई ना?"

"येईल," मी म्हणाले. "तरी सांग."

"तुमची पोरगी छताला भीत न्हाई. तुम्ही आत गेलाव की ती मोजती. पन्नासपर्यंत तुम्ही आला न्हाईत तर आत जाऊन तुम्हाला ओढून आणायचं, असं ठरवलंय तिनं. शाळेतून तुम्ही कवा आत जाताव ते तिला दिसत न्हाई. म्हणून ती इथं बसती."

रिक्षा निघून गेली. मी कुंपणाशी, सायकलींच्या मध्ये, तशीच उभी राहिले.

मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. ट्रक गेला त्या दिवशी सगळी पोरं मैदानात थांबली आणि ही घरी का पळत आली, ह्याचा मी एकदाही विचार केला नव्हता. बाप एक दिवसाआड उमरीला. घरात आई एकटी. आणि त्या पहाटे आई कुकर आणायला आत गेलेली तिने अंगणातून पाहिली होती, मांडणी कोसळल्याचा आवाज ऐकला होता, आणि धुळीतून मी बाहेर येईपर्यंत ती एकटी उभी होती. त्यानंतर सहा महिने मी तीच गोष्ट तिच्यासमोर हसत हसत सांगत होते. सगळे हसायचे तेव्हा ती हसायची का? मला आठवेना. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. लाज वाटली मला, आणि पोरीची माया आली.

मी चाचींकडे गेले. सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "मी कवाची बघून राहिले. घरात चोरावानी जातीस आन चोरावानी येतीस. पोरीचं नाव पुढं करतीस."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तू कुणाचं ऐकतीस?" चाची म्हणाल्या आणि सुईत दोरा घालायला लागल्या.

नांदेडच्या कँटीनमध्ये धूर नव्हता. शाळेच्या ऑफिसात मी भांडण करायचं म्हणून उभी राहिले नव्हते. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. भित्री कोण होतं ते दोन गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं, एक मला सोडून.

परीक्षेला पाच आठवडे होते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पत्र्याखालच्या शाळेत विद्यार्थी दोन झाले. मी पोरीला सांगितलं, "मला घरात बसायला भ्या वाटतं. तू शिकव." तिने जराही आश्चर्य दाखवलं नाही. तिने वेळापत्रक केलं. पहिल्या दिवशी मी आत जाऊन शंभरपर्यंत थांबायचं. ती उंबऱ्यावर, मी खोलीच्या मध्यभागी, वर न बघता. साठला मी दोन आकडे गाळले आणि सत्तरला मी बाहेर. "पुन्हा," ती म्हणाली. माझ्यापेक्षा बरी मास्तरीण होती. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

मग आम्ही एक युक्ती काढली. आत असताना मी मोठ्याने पाढे म्हणायचे, म्हणजे मी आहे हे तिला बाहेर ऐकू येईल, आणि माझं लक्षही छतावर राहणार नाही. दोनपासून सुरू करून बारापर्यंत गेलं की बाहेर. पुढे पंधरा. पुढे वीस. मला सतरा आणि एकोणीस कधीच नीट येत नव्हते, ते तिने बाहेरून दुरुस्त करून घेतले. एका सकाळी नवरा उमरीहून परतला तर बायको स्वयंपाकघरातून एकोणीसचा पाढा ओरडतेय, लेक उंबऱ्यावरून चुका काढतेय आणि चाची मशीनवर बसून ताल धरताहेत. तो पिशवी घेऊन दारातच थांबला.

"परीक्षा कुणाची हाय?" त्याने विचारलं.

"दोघींची," लेक म्हणाली.

तरी पाढ्यांच्या जोरावर मी जास्तीत जास्त पंधरा मिनिटं काढू शकले. त्याच्या पुढे पाय आपोआप दाराकडे वळायचे. आणि बाहेर कुणीतरी ऐकतंय हे ठाऊक असल्याशिवाय मी एक मिनिटही काढलं नव्हतं. पत्रे एव्हाना इतके तापायचे की दुपारी खाली बसवत नव्हतं, तरी मुक्काम आमचा तिथेच.

परीक्षेच्या दिवशी नवरा उमरीला होता. चाचींना भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, त्या पहाटेच गेल्या. मी पोरीला दही-साखर दिली, पॅड आणि पेन्सिली दिल्या आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. पोरं वर्गात शिरत होती. व्हरांड्यात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. त्या आमच्याकडे बघत राहिल्या.

"मी इथं फाटकापाशी थांबते," मी म्हणाले. "पेपर होईस्तोवर. म्हंजे तुला काळजी न्हाई."

तिने मान हलवली. "इथं नको थांबू. तू घरी जाऊन आत बस."

"एकटी?"

"हाव."

"आणि हललं तर?"

"तर बाहेर ये," ती म्हणाली. "मी पण येईन." आणि ती मैदान ओलांडून, पायऱ्या चढून वर्गात गेली. दाराशी थबकली नाही. पाच महिने मी ज्या क्षणाची धास्ती घेऊन बसले होते तो असा दोन मिनिटांत होऊन गेला, आणि मला आनंदसुद्धा धड करता येईना, कारण आता माझी पाळी होती.

फाटकापाशी थांबले असते तर तिला कळलं नसतं. घरी जाऊन पत्र्याखाली बसले असते तरी कळलं नसतं. पण तिने मला आत बसायला सांगितलं होतं.

मी घरी गेले. चप्पल काढली, आत गेले आणि चटई अंथरून भिंतीला टेकून बसले. पाढे म्हणून पाहिले, पण ऐकणारं कुणी नव्हतं, चूक काढणारं कुणी नव्हतं. सहाच्या पाढ्यातच जीभ अडकली. मी पाढा सोडला आणि छताकडे पाहिलं. त्या पहाटेनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. कोपऱ्यात जळमटं लोंबत होती, पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ होती. घर इतकं घाण होऊ दिल्याचा मला राग आला, आणि तो राग ओळखीचा होता, म्हणून जरा बरं वाटलं. उठून झाडू घेतला. जळमटं काढली. अंगणातला स्टो उचलून आत आणला, कुकर आणला, वरण-भात लावला. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा मी दचकून दारापर्यंत पळाले. उंबऱ्यावर एक पाय बाहेर टाकून उभी राहिले. मग परत आत गेले. दोनदा रडू आलं, ते रडून घेतलं.

पेपर दोन तासांचा होता. फाटक वाजलं तेव्हा मी ओट्याशी बसून कोथिंबीर निवडत होते. पत्र्याखाली कुणी नाही हे तिने पाहिलं असणार, कारण पावलं क्षणभर थांबली. मग ती उंबरा ओलांडून आत आली. पॅड खाली ठेवलं, माझ्याजवळ बसली, झाडलेल्या छताकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडे.

"माजा सोपा गेला," ती म्हणाली. "तुजा?"

"पहिला अर्धा तास अवघड गेला," मी म्हणाले. "मग आलं."